पिवळी काच आणि शेवटचं वाक्य

मागच्या शनिवार-रविवारी रत्नागिरीला ताईकडे होतो. निमित्त काही खास नाही, आंबे संपायच्या आत एक चक्कर, एवढंच. पण ह्या वेळी आंब्यांपेक्षा वेगळ्याच एका पिवळ्या वस्तूने डोकं खाल्लं, म्हणून हा पसारा.

माझी भाची एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"मामा, प्रोजेक्ट रिपोर्टचं इंग्रजी तेवढं बघून दे ना. सोमवारी सरांना द्यायचाय."

"विषय काय?"

"बिस्मथ ऑक्साइडच्या नॅनोस्ट्रक्चर्स आणि त्यांचे ऑप्टिकल गुणधर्म."

मी सॉफ्टवेअरवाला. बिस्मथशी माझा शेवटचा संबंध बारावीच्या पिरिऑडिक टेबलमध्ये आला होता (८३ नंबर, शिशाच्या शेजारी). पण पोरीने आतून एक डबी आणली आणि त्यातून काचेची एक पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. मायक्रोस्कोपला वापरतात तसली साधी स्लाइड. तिच्या अर्ध्या भागावर फिकट पिवळा थर होता. कुणीतरी हळदीचा हात पुसावा तसा. "हे मी केलंय," ती म्हणाली. आवाजात जो अभिमान होता तो मला ओळखीचा वाटला. पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा माझाही आवाज असाच झाला असणार.

रिपोर्ट चांगला होता. नीट मोजमापं, नीट आलेख. आणि मग शेवटच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य आलं. त्याचा मराठी मतितार्थ असा: म्हणून ह्या नॅनोस्ट्रक्चर्स सौरऊर्जेच्या वापरासाठी अत्यंत आश्वासक आहेत.

"किती आश्वासक?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे ह्याचा सोलर सेल केला तर किती टक्के वीज मिळेल?"

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, ते वाक्य असंच लिहितात. सगळेच लिहितात."

तर मंडळी, आजचा लेख ह्या "सगळेच लिहितात"बद्दल आहे. रविवारी दिवसभर आम्ही दोघांनी ओट्यावर बसून ते वाक्य तपासलं. तेव्हा जे कळलं ते इथे मांडतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: बिस्मथ ऑक्साइड हा अभ्यास करण्यासारखा पदार्थ आहे, तो अभ्यास रत्नागिरीसारख्या गावात व्हावा हेही उत्तम आहे, पण ते शेवटचं वाक्य खोटं आहे. आणि ते लिहायची सवय विद्यार्थ्याचं नुकसान करते.

पिवळा रंग काय सांगतो

सुरुवात रंगापासून करू. एखादी वस्तू पिवळी का दिसते? पांढऱ्या प्रकाशातला जांभळा-निळा भाग ती गिळते आणि बाकीचा सोडून देते म्हणून. हळदीचं तेच, बिस्मथ ऑक्साइडचंही तेच.

आता सोलर सेलचं काम काय? प्रकाश गिळणं आणि त्याच्या जोरावर इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर चढवणं. ही पायरी किती उंच आहे त्याला बँड गॅप म्हणतात आणि ती इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मोजतात. प्रकाशाच्या कणात पायरीएवढी ऊर्जा असेल तर इलेक्ट्रॉन चढतो. नसेल तर तो कण सरळ आरपार जातो. अर्धी पायरी चढणं हा प्रकार नाही.

सिलिकॉनची पायरी १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्टची. म्हणजे निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळा दिसणारा प्रकाश आणि वर थोडा इन्फ्रारेडही, सुमारे ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत, त्याच्या कामाचा. म्हणून सिलिकॉन काळपट दिसतो.

बिस्मथ ऑक्साइडची पायरी? त्याची दोन रूपं अशा कामात जास्त भेटतात. अल्फा हे नेहमीच्या तापमानाला टिकणारं रूप, त्याची पायरी २.८ च्या आसपास. बीटा हे थोडं नाजूक रूप, तापवलं की अल्फाकडे वळणारं, त्याची २.४ ते २.५. तरंगलांबी काढायचं सूत्र सोपं आहे: १२४० भागिले पायरी. अल्फासाठी उत्तर येतं ४४३ नॅनोमीटर, बीटासाठी ४९६-५१७. म्हणजे अल्फा रूप जांभळा आणि निळ्याचा काही भाग गिळतं. हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा आणि अख्खा इन्फ्रारेड त्याच्या दृष्टीने नाहीच!

भर दुपारी स्वच्छ आकाश असताना एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. त्यातली ४४३ नॅनोमीटरच्या अलीकडची ऊर्जा जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे १००० पैकी ९०० वॉट काचेतून निघून गेले, आपण हात हलवत बसलो. उरलेल्या शंभरातही सगळ्याची वीज होत नाही. शॉकली आणि क्वाइसर ह्या दोघांनी १९६१ साली दाखवून दिलं की एका पदार्थाच्या सेलला निसर्गानेच एक छत घातलंय. सगळं आदर्श असलं तरी ते छत ३३ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तेही पायरी १.३४ च्या जवळ असेल तर. पायरी २.८ वर नेली की तेच छत दहा टक्क्यांच्याही बरंच खाली येतं. हे झालं देवाच्या कारखान्यात बनलेल्या निर्दोष फिल्मसाठी. बीकरमध्ये बनलेली आपली फिल्म त्याच्याही कितीतरी खाली.

आणि बाजारात आज घराच्या छपरावर बसवतात ती सिलिकॉनची पॅनेल २० ते २२ टक्के देतात. २०१० ते २०२० ह्या दहा वर्षांत पॅनेलच्या किमती ९० टक्क्यांच्या आसपास पडल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत सबसिडी मिळते. ताईच्या शेजाऱ्यांच्या कौलांवरही पॅनेल आलीत. "आश्वासक" म्हणवणाऱ्या नव्या पदार्थाची स्पर्धा ह्यांच्याशी आहे, मागच्या वर्षीच्या दुसऱ्या एखाद्या रिपोर्टशी नाही.

हा हिशेब करायला आम्हाला एक कॅल्क्युलेटर आणि दोन कप चहा लागला. भाची म्हणाली, "हे मला दोन वर्षांत कुणी करायला सांगितलं नाही." चूक तिची नाही, आणि खरं सांगायचं तर कुणा एकाचीच नाही.

"पण नॅनो आहे ना!"

हा तिचा पुढचा मुद्दा. नॅनो म्हटलं की सगळं बदलतं, असं आपल्याला शाळेपासून सांगितलेलं असतं. काही गोष्टी बदलतातच. पण कुठल्या, ते बघायला हवं.

कण अगदी बारीक, म्हणजे मोजक्या नॅनोमीटरचा झाला की पायरीची उंची बदलते, हे खरं. पण ती वाढते! म्हणजे आधीच उंच असलेली पायरी आणखी उंच. सौरऊर्जेसाठी आपल्याला नेमकं उलटं हवंय. शिवाय हिच्या फिल्ममधल्या पाकळ्या ७०-८० नॅनोमीटर जाडीच्या आहेत. एवढ्या जाडीला तो परिणाम लागूच होत नाही.

मग नॅनोचा फायदा काय? दोन खरे फायदे आहेत. पहिला, पृष्ठभाग प्रचंड वाढतो. दुसरा, आत तयार झालेल्या इलेक्ट्रॉनला पृष्ठभागापर्यंत पोचायला कमी अंतर चालावं लागतं, त्यामुळे वाटेत हरवायची शक्यता कमी. दोन्ही कामाच्या गोष्टी आहेत. पण दोन्हींमुळे हिरवा आणि तांबडा प्रकाश गिळला जात नाही. पायरी तिथेच राहते.

आणि इथे एक गंमत सापडली. पायरी मोजतात कशी? फिल्ममधून प्रकाश सोडायचा, कुठल्या तरंगलांबीला किती गिळला ते नोंदवायचं, त्यावरून टाउकच्या पद्धतीने आलेख काढायचा (टाउक हे चेक शास्त्रज्ञ, पद्धत १९६६ ची). वक्राचा जो भाग सरळ वाटतो त्यावर रेघ ओढायची आणि ती खालच्या अक्षाला जिथे टेकेल तो बँड गॅप. "सरळ वाटतो" हे शब्द परत वाचा. शिवाय आलेखाच्या उभ्या अक्षावर वर्ग घ्यायचा की वर्गमूळ, हे पदार्थाच्या स्वभावावर ठरतं, आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात. त्यात पाकळ्यांची फिल्म असेल तर प्रकाश इकडेतिकडे विखुरतो. इंटिग्रेटिंग स्फिअर नावाचा पोकळ गोळा नसेल तर यंत्राला वाटतं विखुरलेला प्रकाश गिळलाच गेला. मग पायरी आहे त्यापेक्षा ठेंगणी दिसायला लागते.

परिणाम असा की बिस्मथ ऑक्साइडचा बँड गॅप म्हणून २ पासून जवळजवळ ४ पर्यंतचे आकडे छापून आलेले आहेत. फरकातला काही भाग खरा आहे, कारण रूपं वेगळी, जाडी वेगळी, तापवणं वेगळं. पण काही भाग निव्वळ रेघ ओढणाऱ्याच्या हाताचा. आमच्या धंद्यात ह्याला म्हणतात, टेस्ट पास होईपर्यंत थ्रेशोल्ड हलवणे. (केलंय का मी? केलंय. एका रिलीजच्या आदल्या रात्री. नंतर त्याची किंमतही मोजली. असो.)

आंबा घाटापलीकडची गोष्ट

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की ही सगळी पिवळ्या काचेची चेष्टा चाललीय. मुळीच नाही. उलट आता मी तिची बाजू घेणार आहे.

रत्नागिरीची कॉलेजं जोडलेली आहेत मुंबई विद्यापीठाला. पण फिल्म बनवायची जी पद्धत हिने वापरली तिचं मोठं माहेरघर विरुद्ध दिशेला आहे. आंबा घाट चढून गेलं की सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर कोल्हापूर, १९६२ साली स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं एक प्रश्न लावून धरला: महागडं व्हॅक्यूमचं यंत्र नसताना चांगली पातळ फिल्म बनवता येते का?

उत्तर होतं, येते. काच रासायनिक द्रावणात ठेवा आणि थर सावकाश बसू द्या. किंवा काच आधी एका द्रावणात बुडवा, पाण्यात खळबळून काढा, दुसऱ्या द्रावणात बुडवा, परत खळबळा, आणि हे पन्नास वेळा करा. दर फेरीला थर कणाकणाने वाढतो. बीकर, हॉट प्लेट, धीर, बस. ह्या पद्धतींवर राजाराम माने आणि लोखंडे ह्यांचा २००० सालचा आणि हबीब पठाण आणि लोखंडे ह्यांचा २००४ सालचा असे दोन आढावा-लेख जगभर वाचले गेले. त्याच विभागातल्या प्रा. प्रमोद पाटील ह्यांचा तापलेल्या काचेवर द्रावण फवारायच्या पद्धतीवरचा १९९९ चा लेखही तसाच. आज जगात कुठेही कुणी कमी खर्चात पातळ फिल्म बनवायला बसलं की कोल्हापूरची नावं समोर येतात. आपल्याला हे माहीत नसतं. कोल्हापूर म्हटलं की आपली गाडी मिसळीवर थांबते.

आणि हे काम दिसतं तितकं सोपं नाही. बिस्मथ नायट्रेट साध्या पाण्यात टाकून बघा. विरघळायच्या ऐवजी पांढरा साका होऊन तळाशी बसतो. ॲसिड घालावं लागतं, किंवा बिस्मथला धरून ठेवणारं दुसरं एखादं रसायन. भाचीचे पहिले दोन महिने ह्या पांढऱ्या साक्यातच गेले होते. रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही! मला विचाराल तर त्या रिपोर्टमधला सर्वांत उपयोगी भाग तोच ठरला असता. पुढच्या वर्षीच्या मुलाचे दोन महिने वाचले असते.

आता खरी मजा. कोल्हापूरच्या ह्याच मंडळींनी बिस्मथ ऑक्साइडही केलं आणि बिस्मथ सल्फाइडही. धातू तोच, फक्त ऑक्सिजनच्या जागी गंधक. पण गंधक आलं की पायरी २.८ वरून १.३ च्या जवळ उतरते आणि पिवळी फिल्म काळपट होते. प्रकाश गिळणारा पदार्थ हवा तर बिस्मथच्या कुटुंबातला हा भाऊ जास्त लायक. २०२२ साली बार्सिलोनाच्या एका संस्थेने चांदी-बिस्मथ-गंधकाच्या नॅनोकणांचा सेल करून ९ टक्क्यांच्या वर मजल मारली, तीही अवघ्या ३० नॅनोमीटर जाडीच्या थरात. म्हणजे बिस्मथ आणि नॅनो आणि सूर्य ही तिघांची जोडी जमते. फक्त ती ऑक्साइडच्या घरी जमत नाही.

बिस्मथची एवढी ओढ का, हेही सांगतो. पेरोव्स्काइट नावाचे नवे सोलर सेल २००९ मध्ये ३.८ टक्क्यांवर होते, आज प्रयोगशाळेत २६ च्या पुढे गेलेत. पण त्यांच्या पोटात शिसं आहे, आणि पाण्यात विरघळणारं. बिस्मथ हा शिशाचा शेजारी, पण स्वभावाने इतका गरीब की पोटाच्या औषधांत घालतात. म्हणून जगभरची मंडळी ह्या धातूच्या मागे आहेत.

मग ऑक्साइडचं करायचं काय?

प्रत्येकाने सोलर सेलच व्हायला हवं असं थोडंच आहे? पोरगं हुशार आहे म्हणजे इंजिनिअरच झालं पाहिजे, ह्यातलाच हा प्रकार.

२००६ साली कोल्हापूरच्या गटाने दक्षिण कोरियातल्या सहकाऱ्यांबरोबर बिस्मथ ऑक्साइडची फिल्म सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे वीज साठवण्यासाठी, वापरून दाखवली. ग्रॅममागे ९८ फॅरॅड साठवण मिळाली. आकडा जगावेगळा नव्हता, पण नोकरी योग्य होती. ह्या कामात प्रकाशाचा काही संबंधच नाही, त्यामुळे पायरीची अडचणही नाही. आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. जुलैत इथे सौरऊर्जेचा खरा प्रश्न वीज बनवण्याइतकाच ती साठवण्याचाही आहे.

दुसरी नोकरी, घाण पाणी साफ करण्याची. बिस्मथ ऑक्साइडवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर जातो आणि खाली रिकामी जागा उरते. ही रिकामी जागा भलतीच भुकेली असते, रंगासारखे रेणू ओरबाडून तोडते. पण तोच वर गेलेला इलेक्ट्रॉन मात्र अशक्त निघतो. हायड्रोजन वायू बनवायला हायड्रोजनच्या शून्य व्होल्टच्या पातळीपेक्षा वर असावं लागतं, हा तिच्याखाली सुमारे ०.३३ व्होल्टवर बसलेला असतो. म्हणून एकट्या बिस्मथ ऑक्साइडने उन्हात पाण्यातून हायड्रोजन काढू, हे वाक्यही बाद. त्याला दुसऱ्या पदार्थाची जोड द्यावी लागते.

आणि इथेही एक सापळा आहे. सगळे प्रयोग मिथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगावर करतात, रंग उडाला की काम झालं. पण काही रंग फिल्मला नुसता चिकटून बसतो, आणि काही उन्हाने आपोआप उडतो. म्हणून तीन ग्लास हवेत: एक फिल्मसकट उन्हात, एक फिल्मसकट अंधारात, एक फिल्मशिवाय उन्हात. पहिल्या ग्लासाचा आकडा बाकीच्या दोघांशिवाय निरर्थक. हा खर्च नाही, फक्त शिस्त आहे.

"पण वाक्य नाही लिहिलं तर...?"

माझ्या विरुद्धचे मुद्दे मला ठाऊक आहेत. भाचीने ते सगळे मांडले, आणि ती वाद घालण्यात आईवर गेलीय.

एक: हे वाक्य म्हणजे नुसता शिष्टाचार, पत्राखाली "आपला विश्वासू" लिहितो तसा. कोण मनावर घेतं? मी म्हणतो, पुढच्या वर्षीचा विद्यार्थी घेतो. तो तुझा रिपोर्ट वाचून "आधीच्या अभ्यासानुसार हा पदार्थ आश्वासक आहे" असं लिहितो. त्याच्या पुढचा त्याचं वाचतो. दहा वर्षांत त्या वाक्याला दहा आधार मिळतात आणि त्यातल्या एकाखालीही हिशेब नसतो. आमच्याकडे कॉपी-पेस्ट केलेल्या कोडमध्ये बग असाच पसरतो.

दोन: मूलभूत संशोधनाला उपयोग विचारायचाच नाही. शंभर टक्के मान्य! मग उपयोग लिहूही नका. "मला हे समजून घ्यायचं होतं म्हणून मोजलं" हे सन्मानाचं वाक्य आहे. पण उपयोगाचा दावा करायचा आणि हिशेब मागितला की मूलभूत संशोधनाच्या पदराआड लपायचं, हे चालणार नाही.

तीन, आणि हा खरा मुद्दा: "मामा, मला पुढे पीएचडी करायचीय. बाकी सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये 'आश्वासक' असेल आणि माझ्यात 'एकट्याने चालणार नाही' असेल, तर मार्क कुणाचे कापले जातील?"

ह्यावर माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. माझी नोकरी पुण्यात आहे, मला कुणी मार्क देत नाही. खरं बोलायची किंमत तिने मोजायची आणि सल्ला मी द्यायचा, हे सोपं आहे. एवढंच म्हणालो की पाच वर्षं एखाद्या पदार्थाबरोबर काढायची असतील, तर त्याला काय जमत नाही हे पहिल्या महिन्यात कळलेलं बरं. पाचव्या वर्षी कळलं तर ते कुणाला सांगायची सोयही राहत नाही.

तेव्हा मध्येच ताई म्हणाली, "आपल्या जिल्ह्याला मोठ्या वाक्यांची सवय आहे हो." आणि ती सहज बोलली, पण मला ते लागलं. दाभोळचा वीजप्रकल्प आठवा. १९९९ मध्ये पहिला टप्पा चालू झाला, दोन वर्षांत, २००१ मध्ये, बंद पडला. जैतापूरचे ९,९०० मेगावॉट कागदावर येऊन कितीतरी वर्षं झाली, एक रिॲक्टर उभा नाही. कुणी त्या प्रकल्पांच्या बाजूचं असो की विरुद्ध, "ह्याने तुमचं भलं होणार" ह्या वाक्याखालचा हिशेब इथल्या माणसाला वेळेवर आणि सरळ क्वचितच मिळाला. एमएस्सीचा रिपोर्ट त्यापुढे किती लहान! पण आकडा मागायची आणि आकडा द्यायची सवय लागायची तर ती अशाच लहान जागी लागते. मोठ्या जागी पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

रविवारी संध्याकाळी तिने शेवटचा परिच्छेद परत लिहिला. मी फक्त स्पेलिंगं बघितली. थोडक्यात असा: ह्या फिल्मचा बँड गॅप अमुक पद्धतीने अमुक आला. रेघ कुठून कुठवर धरली ते आलेखात दाखवलं आहे. एवढ्या बँड गॅपचा पदार्थ उन्हाचा साधारण दहावा हिस्सा गिळतो, म्हणून एकट्याने सोलर सेलसाठी तो योग्य नाही. जोडीने वापरता येईल का, आणि पाणी शुद्ध करायला किंवा वीज साठवायला चालेल का, हे तपासण्यासारखं आहे. आणि एक पान वाढवलं: पांढरा साका का होतो आणि कसा टाळायचा.

रात्री साडेनऊला तिने सरांना मेल केला. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसली होती. मी मुद्दाम काही बोललो नाही.

हे लिहीपर्यंत सरांचं उत्तर आलेलं नाही. आलं की कळवतो. निघताना तिने ती पिवळी काच मला देऊन टाकली, आता ती माझ्या मॉनिटरखाली उभी आहे. सकाळचं ऊन तिच्यातून टेबलावर पडतं, छान पिवळं. तेच ते, गिळता न आलेलं. :-)